नानावटी खटला: मधल्या तीन तासांचं काय?

‘बायकोचं प्रेमप्रकरण कळल्यावर कुणाचंही डोकं फिरेल, रागाच्या भरात घडलेल्या गोष्टीला खून कसा म्हणायचा?’ नौदल अधिकारी कावस नानावटींनी बायको सिल्वियाचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घालून मारलं, त्या खटल्याबद्दल मांडला जाणारा हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. राग समजू शकतो. कायदाही तो समजून घेतो, पण चिथावणी गंभीर हवी आणि अचानक झालेली हवी, अशी त्याची अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. 27 एप्रिल 1959 ला सिल्वियाने कबुली दिल्यावर नानावटींनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, सहा वाजता न्यायला येतो असं सांगितलं. मग जहाजावर जाऊन ‘रात्री एकट्याने अहमदनगरला जायचंय’ अशी थाप मारून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या. आधी आहुजाचं ऑफिस गाठलं, तिथे तो नव्हता म्हणून त्याचं घर. दीडला घर सोडलं, गोळ्या झाडल्या 4.20 ला. जवळजवळ तीन तास!

झटापटीत गोळी सुटली हा बचाव तर त्याहून लंगडा. आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता, नुसत्या टॉवेलवर होता, आणि मेल्यावरही तो टॉवेल कमरेला तसाच होता. त्याआधी खालच्या कोर्टात ज्यूरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, 8 विरुद्ध 1 मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं ते हे सगळं समोर असताना, याचं मला आजही वाईट वाटतं. सगळी सहानुभूती देखण्या नौदल अधिकाऱ्याला मिळाली. मेलेल्या माणसाची बाजू मांडायला तो स्वतः उरलाच नव्हता.