हिस्टोन एवढे लहान, तरी पोअरमधून आपोआप का जात नाहीत? (उद्या सेमिनार आहे, मदत हवी आहे)

रंकाळ्याची_पोर: पुस्तकात लिहिलंय की साधारण 40 किलोडाल्टनपेक्षा (रेणूच्या वजनाचं माप) लहान प्रोटीन पोअरमधून आपोआप जातं. हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतो ती प्रोटीन) तर 11 ते 21 चे. मग त्यांना कॅरिअर, म्हणजे वाहून नेणारं प्रोटीन, कशाला? सरांनी विचारलं, मी गप्प. उद्या परत द्यायचाय. लवकर सांगा, लिंका नकोत.

बावडेकर: कुठलं पोअर? पेशीपटलाचं की केंद्रकाचं? बीएस्सी की एमएस्सी?

जुना_झूवाला: अ‍ॅक्वापोरिन घ्या, पेशीपटलातलं पाण्याचं पोअर. पाणी एका रांगेत जातं, प्रोटॉन अडतो. पीटर अ‍ॅग्रेंनी ते शोधलं, 2003 चं नोबेल. पोटॅशियम चॅनेल तर त्याहून भारी: सोडियम लहान असून अडतो, मोठा पोटॅशियम जातो! आमच्या वेळी एवढ्यावर बाहेरचे परीक्षक खूश व्हायचे.

रंकाळ्याची_पोर: काका, हिस्टोन म्हटल्यावर केंद्रकच ना! एमएस्सी पार्ट वन.

धरणवाला: सोपं आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी चढलं की उघडतात, तसं बाहेर हिस्टोन साठले की पोअर उघडतं.

पिपेट: अहो नाही. मध्ये एफजी-न्यूक्लिओपोरिनच्या (पोअरच्याच प्रोटीनच्या) लोंबत्या साखळ्यांची जाळी कायम असते. लहान रेणू झिरपतात. इम्पोर्टिन, म्हणजे तुझा कॅरिअर, त्या एफजी तुकड्यांना क्षणभर धरत-सोडत मालासकट पार होतो. आत रॅन-जीटीपी (जीटीपी हे इंधन धरलेलं रॅन प्रोटीन) लागला की माल सुटतो, दिशा तिथं ठरते. आणि 40 म्हणजे काही भिंत नव्हे, आकार वाढेल तसा झिरपण्याचा वेग पडत जातो.

बावडेकर: मग 11 चा हिस्टोन झिरपेलच की. आत डीएनएला चिकटला की परत कुठला येतोय? आपोआप साठेल. इम्पोर्टिन हवाच कशाला?

पिपेट: कागदावर पटतं. पण हिस्टोन लायसिन-आर्जिनीननं खच्चून भरलेला, म्हणजे धन प्रभार. बाहेर सायटोप्लाझममध्ये आरएनए पडलाय, तो ऋण. मोकळा सोडला तर वाटेतच नको तिथं चिकटून गुठळ्या होतील. इम्पोर्टिन तो प्रभार झाकतो, म्हणजे चॅपरॉनचंही (प्रोटीनला गुठळ्यांपासून सांभाळणाऱ्याचं) काम करतो. शिवाय एस फेजमध्ये डीएनए दुप्पट होत असताना हिस्टोन ढिगानं आणि वेळेत लागतात. झिरपण्यावर भागत नाही. ताई, सरांना हे दोन मुद्दे सांगा.

रंकाळ्याची_पोर: आणि एटीपी (पेशीचं इंधन) कुठे लागतो विचारलं तर?

पिपेट: पोअर ओलांडायला लागत नाही. खर्च रॅनच्या जीटीपीचा. इम्पोर्टिन रॅन-जीटीपीला घेऊन बाहेर येतो, तिथं रॅनगॅप या प्रोटीनमुळे जीटीपी तुटतो आणि इम्पोर्टिन मोकळा होतो. आत क्रोमॅटिनवरचा (हिस्टोनवर गुंडाळलेल्या डीएनएवरचा) आरसीसी-1 हा प्रोटीन रॅनला परत जीटीपी चढवतो.

धरणवाला: दरवाजे सात आहेत बरं का, आणि माणूस न लावता उघडतात. म्हणून म्हटलं.

बावडेकर: इथं माणूस लावावा लागतोय, तोच तर प्रश्न आहे राव!

जुना_झूवाला: काही म्हणा, अ‍ॅक्वापोरिनची एक स्लाइड टाकाच.