चढणीच्या माशांची वाट बंधाऱ्यांनी अडते का?

मूळ मांडणी – ओहोळ

मृगाच्या पहिल्या दमदार पावसाने नदी गढूळ होऊन चढू लागली की शिंगटी, मरळ, वांब आणि लहान खवल्यांच्या माशांच्या कितीतरी जाती उन्हाळाभर धरून राहिलेले डोह सोडतात आणि ओढ्या-ओहोळांतून वर सरकत पार भातखाचरांपर्यंत पोहोचतात. कोकणात कुठे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. नुकत्याच पाण्याखाली आलेल्या उथळ जमिनीत सूक्ष्म जीवांची रेलचेल असते आणि मोठे शिकारी मासे कमी असतात, म्हणून अंडी तिथे घातली जातात आणि पिल्ले तिथेच वाढून पाऊस ओसरताना नदीत उतरतात. वर्षभराची सगळी पैदास या मोजक्या दिवसांवर अवलंबून असते.

नदीतील अडथळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोयना किंवा उजनी येते. लहान बंधाऱ्याकडे मात्र आपण जलसंधारणाचे निर्दोष काम म्हणून पाहतो. युरोपातील ३६ देशांच्या नद्यांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अडथळ्यांची संख्या किमान १२ लाख निघाली आणि त्यांतील सुमारे ६८ टक्के अडथळे दोन मीटरपेक्षाही कमी उंचीचे होते. आपल्या ओढ्यांवर अशी मोजणी केली, तर चित्र फार वेगळे निघेल असे मला वाटत नाही.

कोणत्याही जुन्या सिमेंट बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहून पाहावे. पाणी जिथे काँक्रीटच्या फरशीवरून खाली पडते, तिथे दरवर्षीच्या पुराने नदीचा तळ खरवडून खड्डा केलेला असतो आणि फरशीची कड पाण्यापासून हात-दीड हात वर लटकत राहिलेली असते. वरून येणारे पाणी बोटभर जाडीचे आणि वेगवान असते. उड्या मारण्याची सवय नसलेला वीतभर मासा त्यावर चढणार कसा? म्हणून यापुढे नवा बंधारा बांधताना किंवा जुन्याची दुरुस्ती करताना दगडांची उतरती रपेट, म्हणजे मासा चढू शकेल असा मंद उतार, अंदाजपत्रकातच धरावी आणि पाणी अडवायला घातलेल्या फळ्या (बरगे) काढण्याची तारीख पाळणे बंधनकारक करावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद – शेतवाट

मी या मागणीच्या विरोधात आहे. आमच्या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. बंधाऱ्यामुळे विहिरींना पाणी टिकते आणि डिसेंबरनंतर वाल, कलिंगड, भाजी घेता येते. या पाण्याची किंमत माशांच्या हिशेबात धरली जात नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

शिवाय कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रचनाच अशी आहे की पावसाळ्यापूर्वी बरगे काढायचे, खांबांमधून पूर वाहू द्यायचा आणि परतीचा पाऊस संपता संपता बरगे पुन्हा घालायचे. मोठ्या पुरात तर आख्खा बंधारा पाण्याखाली जातो. पोत्यांचे वनराई बंधारे पहिल्याच पुरात वाहून जातात. मग मासा अडला कुठे?

मासे कमी होण्याचे खरे कारण सर्वांना ठाऊक आहे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते आणि नेमक्या त्याच दिवसांत ओढ्याकाठी रात्रभर बत्त्या फिरतात, अंड्यांनी फुगलेल्या माद्या टोपल्यांनी घरी येतात. उन्हाळ्यात डोहांत ब्लीचिंग पावडर टाकली जाते. विष आणि सुरुंग वापरून मासे मारण्यास १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे, तरीही हे चालू आहे. आधी ते थांबवावे, बंधाऱ्याचे पुढे पाहू.

प्रतिसाद – ओहोळ

वलगणीच्या मासेमारीबद्दल आपण लिहिले ते खरे आहे, परंतु ती कुठे चालते हेही पाहिले पाहिजे. जाळी आणि टोपल्या लागतात त्या बंधाऱ्याच्या आणि रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशीच, कारण वर जाऊ न शकलेला मासा तिथे गोळा होऊन घिरट्या घालत राहतो. मोकळ्या ओढ्यात तो विखुरलेला असतो आणि सगळा हाती लागत नाही. त्यामुळे अडथळा आणि अतिमासेमारी यांना एकमेकांपासून तोडून एकाचा क्रम आधी आणि दुसऱ्याचा नंतर लावता येत नाही.

बंधारा बुडवणारा पूर साधारणपणे जुलैत येतो, तर मासा पहिल्या लोंढ्यावर निघतो. त्या वेळी पाणी फरशीवरून वाहण्याइतकेच असते. बरगे वेळेवर निघतात हे गृहीतही सर्वत्र खरे नाही. जूनचा दुसरा आठवडा उलटला तरी बरगे जागेवरच आणि वरच्या फटीतून पाणी उडते आहे, असे मी आमच्या नदीवर अनेकदा पाहिले आहे.

प्रतिसाद – तळटोक

पाटबंधाऱ्यांच्या कामाशी माझा बराच काळ संबंध आला आहे, म्हणून एक शंका मांडतो. माशांसाठी बांधलेल्या वाटा आपल्याकडे कितपत चालल्या? गंगेवरचा फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला, त्यात माशांसाठी कुलूपपद्धतीची, म्हणजे दारांमधल्या कप्प्यात पाणी चढवून मासा वर सोडण्याची, सोय होती, तरीही पूर्वी प्रयागच्याही वर जाणारी हिलसा, म्हणजे आपला पाला, तिथून वर जवळजवळ नाहीशी झाली. गोदावरीतला पुलसा, म्हणजे तीच हिलसा, आजही धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी अडतो. कागदावर माशांची शिडी, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची वाट, दाखवायची आणि प्रत्यक्षात तिच्यात गाळ आणि प्लॅस्टिक साचू द्यायचे, असेच होणार असेल तर तो खर्च कशाला करावा? त्यापेक्षा बीजकेंद्रांत पिल्ले तयार करून जलाशयांत सोडणे अधिक खात्रीचे ठरेल. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात महसीर या मोठ्या नदीमाशाची पैदास १९७०च्या दशकापासून होते आहे.

प्रतिसाद – कोंडकाठ

वळवणचे काम मोलाचे आहे यात शंका नाही, पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपला दख्खनी महसीर बीजकेंद्रांतून कावेरीत सोडला गेला, तो तिथे फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली. पश्चिम घाटातील सुमारे २९० जातींच्या गोड्या पाण्यातील माशांपैकी १८९ जाती जगात अन्यत्र कुठेही नाहीत. त्यांतील बहुतेकांना बाजारात भाव नाही. त्यांची पिल्ले कोणते केंद्र तयार करणार? साठलेल्या पाण्यात बीज सोडले की चिलापी आणि मांगूर या परक्या माशांचेच फावते, हे उजनीच्या काठावर कोणीही सांगेल.

महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत आणि वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे येथे देवाचे मासे म्हणून महसीर श्रद्धेने राखले गेले आहेत, आणि ही परंपरा मला फार मोठी वाटते. परंतु डोह राखला तरी महसीरला अंडी घालायला वाहते, गोट्यांचे, भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते, आणि ते डोहाच्या बाहेर असते.

शिड्यांबद्दलची शंका रास्त आहे. पाश्चात्त्य शिड्या सामनसारख्या उड्या मारणाऱ्या माशासाठी बेतलेल्या होत्या, त्या आपल्या माशांना उपयोगाच्या नाहीत. मूळ मांडणीत मागितली आहे ती मात्र रपेट. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला विसास एक किंवा त्याहूनही मंद उताराने दगड रचले, मध्ये मध्ये मोठे धोंडे ठेवून त्यांच्या आडोशाला संथ पाणी राहील असे केले, की लहान मासा थांबत थांबत वर जातो. लाओसमध्ये मेकाँगच्या काठी पाक पेउंग येथे पाणथळ जमिनीच्या दारावर माशांसाठी मंद उताराची वाट बांधली, तिथेही प्रश्न आपल्यासारखाच होता, म्हणजे भातशेतीसाठी पाणी अडवायचे आणि मासाही आत येऊ द्यायचा. अहीर हा सापासारखा लांबट मासा तर समुद्रात जन्मतो आणि बोटाएवढा असताना ओल्या, खडबडीत दगडांना चिकटून वर सरकतो. त्याला गुळगुळीत भिंतीऐवजी ओला दगड मिळाला तरी पुरे.

प्रतिसाद – तळटोक

हा उतार धरला तर दीड मीटरच्या बंधाऱ्याला तीस मीटर लांबीची रपेट लागेल. अरुंद ओढ्यात दगड पहिल्याच पुरात हलतील. ते काँक्रीटमध्ये अर्धे रुतवावे लागतील आणि दरवर्षी पाहणी करावी लागेल. लहान उंचीच्या बंधाऱ्यांवर हे जमण्यासारखे आहे, तीन मीटरच्या वर मी अजूनही साशंकच आहे.

प्रतिसाद – शेतवाट

फरशीखालचा खड्डा दगडांनी भरला तर बंधाऱ्याचा पायाही वाचतो, म्हणून दुरुस्तीच्या कामात रपेट घालायला माझी हरकत राहणार नाही. मात्र माझ्या दोन अटी आहेत. रपेटीमुळे हिवाळ्यातला साठा गळता कामा नये, म्हणजे तिचे तोंड फळ्यांच्याच गाळ्यासमोर असावे आणि फळ्या घातल्या की ते बंद व्हावे. दुसरे, ३१ मेपर्यंत फळ्या काढायच्या असतील तर त्या ठेवायला कुलूपबंद खोली आणि काढणाऱ्याला मजुरी ग्रामपंचायतीच्या हिशेबात दाखवावी. आमच्याकडच्या फळ्या दोनदा चोरीला गेल्या आहेत, आणि त्या जागेवरच ठेवून देण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. रपेटीवर जाळे लावायला बंदी घालणार असाल तर तिची अंमलबजावणी कोण करणार, याचे उत्तर मात्र अजून कोणीच दिलेले नाही.