मदत हवी आहे: बायपासनंतर नवऱ्याचं खाणं-पिणं कसं बसवू?

नवऱ्याची गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्यासाठी पोट लहान करून थेट आतड्याला जोडण्याची) शस्त्रक्रिया होऊन ५ महिने झाले. वजन उतरतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण मऊ वरण-भात चार घास जातो, पोळी मात्र छातीत अडकते. जेवताना पाणी बंद, नंतरही अर्धा तास थांबायचं; आयुष्यभर घासागणिक घोट घेणाऱ्या माणसाला हे जमता जमत नाहीये. परवा बारशाला आग्रहाखातर दोन जिलब्या खाल्ल्या आणि थोड्याच वेळात घाम, धडधड, पोटात कळा. डॉक्टर म्हणाले, हे डम्पिंग. साखर पोटात न थांबता झपकन आतड्यात उतरते. (आता हे आग्रह करणाऱ्या मावशींना कोण सांगणार!)

शाकाहारी घरात रोजची ६० ग्रॅम प्रथिनं तुम्ही कशी भरून काढता? पनीर, मूग, दही यांचा त्याला वीट आलाय. पोळीऐवजी काय पचतं?

आणि एक नाजूक गोष्ट. पूर्वी तो महिन्यातून एकदा मित्रांबरोबर ‘बसायचा’. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोकाही वाढतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्याला पटलंय, मित्रांना नाही. तुमच्याकडे हे कसं निभावलंत? औषधांचे सल्ले नकोत, घरातला अनुभव सांगा.