लास व्हेगास: जाऊन आलेल्यांनी नेमकं लिहा

व्हेगासचे फोटो सगळ्यांकडेच असतात. इथे खाचाखोचा लिहा: पैसे कुठे गळतात, पाय कुठे दुखतात. हरल्या-जिंकल्याच्या कहाण्या नकोत.

*

हॉटेलचं भाडं बघताना रिसॉर्ट फी (भाड्यावर लावलेली सक्तीची फी) धरूनच बघा. स्ट्रिपवरच्या, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत रात्रीला साधारण 40 ते 55 डॉलर, वर सुमारे 13 टक्के कर. चेक-इनला कार्डावर अनामत अडकवतात, तिथे क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर रक्कम सुटायला कित्येक दिवस लागतात, तोवर पुढच्या प्रवासाचे पैसे अडकलेले. मिनीबारमधली बाटली नुसती बघायलाही उचलू नका. बऱ्याच ठिकाणी खाली सेन्सर असतो, बाटली थेट बिलात चढते.

*

रूलेला (फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायचा खेळ) बसण्याआधी चाकावरची शून्यं मोजा. एकच शून्य असेल तर 100 डॉलरमागे सरासरी 2.70 कॅसिनोचे. 0 आणि 00 असतील तर 5.26. तीन असतील तर 7.69! आकडा लागला तर तिन्हीकडे देतात तेच, एकाला 35. म्हणजे जास्तीचं शून्य फुकटात तुमच्या डोक्यावर.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पत्त्यांतच 21 झाले की त्यालाही ब्लॅकजॅक म्हणतात. त्यावर किती देतात ते टेबलाच्या कापडावर छापलेलं असतं, वाचा: 3 ला 2 की 6 ला 5. पंधरा डॉलर लावून ब्लॅकजॅक आलं तर पहिल्यात 22.50 मिळतात, दुसऱ्यात 18. 6 ला 5 दिसलं की पुढे चालू लागा.

नोट डीलरच्या (पत्ते वाटणाऱ्याच्या) हातात देऊ नका, तो घेणार नाही, टेबलावर ठेवा. उठताना बारीक चिपा पुढे सरकवून मोठ्या मागा. रोख मात्र टेबलावर मिळत नाही, त्यासाठी केजवर, म्हणजे कॅसिनोच्या रोखीच्या खिडकीवर जावं लागतं.

*

गोव्याची सवय असलेल्यांसाठी: मांडवीतल्या कॅसिनो-बोटींवर आत जायलाच पैसे मोजावे लागतात, इथे दार उघडंच. खेळणाऱ्याला पेयं फुकट, पण ग्लासमागे 1-2 डॉलर टिप द्यायची. वयाची अट 21 आणि पासपोर्ट मूळच हवा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. मुलांना घेऊन कॅसिनोतून पलीकडे जाता येतं. मशीनपाशी रेंगाळलात की हटकतात.

*

वरच्यात भर. भारतीय नागरिकाला स्लॉट मशीनवर मोठा जॅकपॉट लागला की मशीन थांबतं, माणूस येऊन कागद भरून घेतो आणि 30 टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका कर-करारात यातून सूट नाही. ब्लॅकजॅक, रूले, क्रॅप्स (फाशांचा खेळ), बॅकारात (पत्त्यांचा खेळ) यांवर ही कपात नाही.

*

शेजारी दिसणारं हॉटेल शेजारी नसतं. इमारती अवाढव्य, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. स्ट्रिप सगळी मिळून साडेसहा किलोमीटरहून जास्त. रस्ता ओलांडायला जागोजागी पूल आहेत, पण 2024 पासून त्यांवर थांबायला बंदी आहे. सेल्फी खाली उतरून काढा. मोनोरेल हॉटेलांच्या पाठीमागून जाते, स्टेशन गाठायला आधी अख्खा कॅसिनो तुडवायचा. विमानतळालाही ती जात नाही. ड्यूस बस 24 तास असते आणि जुन्या फ्रीमाँट स्ट्रीटपर्यंत नेते.

उन्हाळ्यात दुपारी चालू नका. 7 जुलै 2024 ला पारा 48.9 अंशांवर गेला होता. कोरड्या हवेत घाम जागीच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. पाणी हॉटेलातून नको, औषधांच्या दुकानातून घ्या.

*

ग्रँड कॅन्यनबद्दल लोक हमखास फसतात. गाडीने दोन-सव्वादोन तासांवरची वेस्ट रिम (दरीची पश्चिमेकडची कड) हुआलापाई या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर आहे, राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. तिथल्या काचेच्या स्कायवॉकवर बरीच वर्षं मोबाइलही नेऊ देत नव्हते. फोटोंतली ती ओळखीची विस्तीर्ण दरी म्हणजे साऊथ रिम. एका बाजूला साडेचार तास, तेव्हा मुक्कामच ठेवा. दरी ॲरिझोना राज्यात, व्हेगास नेवाडात; हिवाळ्यात ॲरिझोनाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं, उन्हाळ्यात दोन्हीकडे सारखंच. वेळेचं तिकीट असेल तर निघताना हे बघा.