बॉस्फरस: वरचं पाणी दक्षिणेला, तळाचं उत्तरेला. हे कसं?

दर्यावेडा: काळ्या समुद्राची पातळी मार्माराच्या समुद्रापेक्षा साधारण ३० सेंमी उंच, म्हणून त्यांना जोडणाऱ्या, इस्तंबूलजवळच्या बॉस्फरस सामुद्रधुनीत पाणी दक्षिणेकडे वाहतं, इथपर्यंत कळलं. मग तळाशी ते उलटं, चढाकडे कसं जातं? आणि जहाजाला नेमका कुठला प्रवाह त्रास देतो?

खारेपाणी: पातळी बघून फक्त वरच्या थराचं कळतं, खाली दाब बघायचा. डॅन्यूब, नीपरसारख्या नद्यांमुळे काळ्या समुद्राच्या वरच्या पाण्यात किलोमागे जेमतेम १८ ग्रॅम क्षार. मार्माराच्या तळाशी भूमध्य समुद्राकडून आलेलं पाणी, त्यात ३८ च्या आसपास. घनमीटरमागे सुमारे १५ किलोंचा फरक. वरच्या जादा ३० सेंमी पाण्याचं वजन चौरस मीटरला साधारण ३०० किलो. भागून बघा: २० मीटरवर दोन्ही बाजू बरोबरीत, त्याखाली मार्माराची बाजू जड. हा ढोबळ हिशेब आहे. मार्माराचा वरचा थरही कमी खारट असतो, त्यामुळे दोन थरांमधली खरी सीमा तिरपी असते आणि उत्तरेला बरीच खोल जाते.

सुकाणू: जहाजाची गाठ वरच्या प्रवाहाशी. एरवी ३-४ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल), अरुंद जागी त्याहून जास्त. दक्षिणेला जाणारं जहाज जास्त अडचणीत, कारण प्रवाह मागून ढकलतो. जमिनीच्या हिशेबाने १० नॉटची मर्यादा पाळायला इंजिन कमी करावं लागतं, पंख्याचा झोत मंदावतो आणि सुकाणूला पाणी धरता येत नाही. त्यातच कांदिलीचं वळण: साधारण ७०० मीटर रुंदी, ४५ अंश. नाळ (जहाजाचं पुढचं टोक) एका प्रवाहात आणि मागचा भाग दुसऱ्यात, की जहाज आडवं फिरू लागतं. येनीकोयला तर ८० अंश वळायचं असतं. नैर्ऋत्येचा जोरदार वारा, लोदोस, सुटला की वरचा प्रवाहही उलटतो. त्याला तिथे ओर्कोझ म्हणतात. वेळापत्रकापेक्षा त्या दिवसाची प्रवाहाची नोंद आधी बघावी.

खारेपाणी: पटत नसेल तर इटालियन संशोधक लुइजी मार्सिलीने १६८० च्या सुमारास केलेला प्रयोग करा. काचेच्या टाकीत मधे फळी, तिला वर एक आणि तळाशी एक भोक, दोन्हींना बूच. एका बाजूला साधं पाणी, दुसरीकडे लिटरला ३५ ग्रॅम मीठ आणि शाई. पातळी सारखी, तापमानही सारखं. बुचं एकदम काढा. रंगीत पाणी खालून जातं, साधं वरून येतं. फसतं ते बहुतेक फळीच्या कडेने गळती झाल्यामुळे किंवा मीठ पूर्ण न विरघळल्यामुळे.

दर्यावेडा: वरचं भोक बुडालेलंच हवं ना?

खारेपाणी: हो, पाण्याखाली बोटभर तरी.