मेंटेनन्सची बिलं पानावर का बसत नाहीत? (सोसायटी ग्रुप, इंदूर)

सी-१०४: सचिवसाहेब, माझ्या बिलाचं डोकं सी-१०३ च्या पावतीखाली छापलंय. फाडून कोणाला द्यायचं? गेल्या महिन्यातही हेच.

सचिव: काका, सलग कागदावर पिनांनी छापणारा नवीन डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आल्यापासून होतंय. पहिलं बिल बरोबर, पुढचं प्रत्येक थोडं वर चढतं.

ए-२०२: पीडीएफ करून ग्रुपवर टाका. विषय संपला.

बी-३०१: थोडं म्हणजे किती? पट्टी लावून सांगा.

सचिव: दर बिलाला एक इंच.

बी-३०१: मग कागद १२ इंची आहे आणि प्रिंटर ११ इंची धरून चाललाय. इंचाला ६ ओळी, म्हणजे त्याचं पान ६६ ओळींचं, आपलं ७२. बिलं काढणाऱ्या फॉक्सप्रो प्रोग्रामने पान सोडायला सांगितलं की तो एक इंच आधीच थांबतो. प्रिंटरच्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये पेज लेंथ १२ करा. नाहीतर छपाईच्या सुरुवातीला २७, ६७, ०, १२ हे कोड पाठवा, त्यानेही पान १२ इंची होतं.

डी-१०१: चढायचं तर मेंटेनन्सचा दरही चढलाय 😀

सी-३०३: आणि टाकीत पाणी? आज नर्मदेची पाळी होती ना?

सचिव: वहिनी, मोटरचं संध्याकाळी बघतो.

ए-२०२: पुन्हा सांगतो, पीडीएफ. नाहीतर लेझरवर ए-४ ला ‘फिट टू पेज’.

बी-३०१: दादा, बिल दुपदरी कागदावर निघतं. खालची प्रत पिनच्या ठोक्याने उमटते, लेझरला ठोकाच नाही. ‘फिट टू पेज’ ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचं काम. हा मजकूर ड्रायव्हर टाळून थेट एलपीटी१ वर, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टवर जातो.

सी-१०४: कागद नको असलेल्यांनी ऑडिटला बसावं.

ए-२०२: काका, चांगल्यासाठीच बोलतोय.

सचिव: चढणं थांबलं. पण आता रकमेचा रकाना खालच्या ओळीत पडतोय, आणि एकाआड एक कागद जवळजवळ कोरा.

बी-३०१: कोडचा क्रम?

सचिव: १५, मग २७-६४, मग पेज लेंथ.

बी-३०१: तिथेच घोळ. २७-६४ ने प्रिंटर रीसेट होतो, १५ चा बारीक टाइप पुसला जातो. बिलाची ओळ १३२ अक्षरांची. ८ इंचात साधी ८० मावतात, बारीक १३७. उरलेली खाली पडली, ओळी ७२ च्या वर गेल्या, म्हणून दुसरा कागद. आधी २७-६४, मग पेज लेंथ, शेवटी १५. एकदाच, पहिल्या बिलाआधी. कोड फॉक्सप्रोच्या तीन प्रश्नचिन्हांच्या (???) आज्ञेने पाठवा, एका प्रश्नचिन्हाने ओळ सरकते. आणि प्रिंटर चालू असताना बाजूची मूठ हाताने फिरवू नका. कागद सरकलेला त्याला कळत नाही, सगळी बिलं तेवढीच हलतात.

सचिव: निघाली! छिद्रांची रेघ बरोबर दोन बिलांच्या मधे.

सी-१०४: छान. पण भरायची तारीख गेली, दंड लावू नका.

सचिव: नाही लागणार, काका. नवीन बिलं वॉचमनकडे ठेवतो.

ए-२०२: पीडीएफचा विषय मीटिंगला घ्या.