कुरकुरणारी खुर्ची : घरच्या घरी काय उपाय चालला?

घरकोंबडी
काल मीटिंगमध्ये बंगळुरूच्या सहकाऱ्याने विचारलं, तुमच्याकडे पोपट पाळलाय का? पोपट कुठला, माझी खुर्ची! जरा मागे रेललं की चुंईई, पुढे आलं की कुर्र. म्यूटवर बसते, पण बोलायची वेळ आली की हिलाही नेमकं तेव्हाच बोलायचं असतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिळेल ती आणि सांगतील त्या भावात घेतली होती.

त्यावरून बाबांची खुर्ची आठवली. बाबा पतपेढीत मॅनेजर. लाकडी खुर्ची, वेताची पाठ, खाली आट्यांचा लोखंडी दांडा, गरगर फिरवली की वर चढणारी. बाबा मागे रेलले की काउंटरपर्यंत करकर ऐकू जायची आणि शिपाईकाका न सांगता चहा आणायला निघायचे. एकदा कोणीतरी हौसेने तिला तेल घातलं तर बाबांचा दुपारचा चहाच बुडाला म्हणे. शनिवारी अर्धा दिवस असायचा तेव्हा आम्ही भावंडं तिथे जाऊन त्या खुर्चीवर फिरून फिरून चक्कर आणायचो.

तर, आताच्या खुर्चीचं काय करू? कोणी घरी दुरुस्त केलीय का? लिहा. विषयांतर चालेल.

तिरफळ
स्क्रू आवळ.

घरकोंबडी
कुठला? उलटी केली तर खाली जत्रा आहे स्क्रूंची.

तिरफळ
सगळे.

मधली_सुट्टी
आमच्या ह्यांनी खोबरेल घातलं होतं, स्वयंपाकघरातलं. थोडे दिवस खुर्ची गप्प. नंतर नागपूरची थंडी आली, बाटलीतलं गोठतं तसं खुर्चीतलंही गोठलं, त्यावर धूळ बसली आणि असा काळा चिकटा झाला की माझ्या पांढऱ्या सलवारीला लागला. डाग अजून गेला नाही. सासूबाईंचं म्हणणं एकच, एवढं तेल रोज डोक्याला लावलं असतं तर केस तरी राहिले असते.

रातकिडा
हाहाहा. ह्यांनी वाचलं का हे?

मधली_सुट्टी
ते खुर्चीवर बसलेत. ऐकू येतंय.

गियरबॉक्स
मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. बसच्या सीटा, दारं, खिडक्या, म्हणजे आयुष्य करकरीतच गेलं. आधी तेल ठेवा बाजूला. आवाज कुठून येतो ते शोधा. एकाने खुर्चीवर बसून सावकाश हलायचं, दुसऱ्याने खाली बसून एकेका जोडावर बोट ठेवायचं. कान फसवतो, आवाज पाइपातून दुसरीकडेच निघतो. बोटाला मात्र थरथर बरोबर कळते.

नुसती गोल फिरवल्यावर आवाज आला तर मधल्या दांड्याच्या तळाचं बेअरिंग. मागे रेलताना आला तर सीटखालच्या लोखंडी पेटीतली स्प्रिंग किंवा तिची पिन. बसता-उठता कट्ट आवाज आला तर पेटी आणि सीट जोडणारे चार बोल्ट, नाहीतर खुर्चीच्या हातांचे. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक खुर्च्यांत बोल्टच ढिले निघाले. तिरफळ यांचं बरोबर आहे, फक्त फार थोडक्यात सांगितलं.

खुर्ची गादीवर उलटी करा. बहुतेक ५ किंवा ६ एमएमची एलन की, म्हणजे ती एल आकाराची षटकोनी चावी, लागेल. एकच बोल्ट पूर्ण आवळून पुढच्याकडे जाऊ नका, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत या. बोल्ट बदलायचा झाला तर तेवढ्याच लांबीचा घ्या. लांब घातला तर फोममधून वर येतो, कुठे टोचेल ते मी लिहीत नाही. पुन्हा पुन्हा ढिला होत असेल तर आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब. लाल घेऊ नका, तो सुटायला बोल्ट तापवावा लागतो, आणि तुमच्या बोल्टच्या शेजारीच फोम आहे.

रातकिडा
काका, ते डब्ल्यूडी-४० स्प्रे मारलं की झालं ना? आमच्या ऑफिसात सगळ्यावर तेच मारतात.

गियरबॉक्स
मारा, पण साफसफाईपुरतं. १९५३ साली अमेरिकेत ते काढलं ते धातूवरचं पाणी हटवून गंज टाळायला. त्यातला पातळ भाग उडून जातो, मागे राहतो तो थर स्प्रिंगच्या घासण्यापुढे फार टिकत नाही. म्हणून लोक म्हणतात मारलं तेव्हा बंद झालं, नंतर परत सुरू. त्याने जुना चिकटा काढा, फडक्याने कोरडं पुसा, मग पिनेला आणि स्प्रिंगच्या टोकांना पांढरं लिथियम ग्रीस. त्याआधी सीटखालचा मोठा गोल नॉब डावीकडे फिरवून सैल करा, स्प्रिंगवरचा ताण उतरतो. प्लास्टिकवर प्लास्टिक घासत असेल तर सिलिकॉन स्प्रे. आणि खाली रद्दी अंथरा. फरशीवर सिलिकॉन उडालं तर खुर्ची राहील बाजूला, तुम्हीच अस्थितज्ज्ञाकडे.

लिंबूटिंबू
खरंय. आमच्याकडे दाराच्या बिजागरीवर मारलं आणि मांजर पूर्ण पॅसेज घसरत गेलं. आता त्या पॅसेजमधून जातच नाही. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात असा प्रवास करतं.

सावळागोंधळ
खुर्ची कितीही कुरकुरली तरी कोणी सोडत नाही, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

तिरफळ
झालं. आता हा धागा पण राजकारणात जाणार.

गोधडी
माझ्या खुर्चीचा आवाज चाकात होता. काढून बघितली तर आत केसांची गादी! माझे, लेकीचे आणि कुत्र्याचे, तिन्ही रंगांचे. चाक नुसतं ओढलं की निघतं, स्क्रू नसतो. शिवणाच्या उसवणीने केस कापले, चिमट्याने ओढले, आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. बास.

ऱ्हाईनकाठ
जर्मनीतून लिहितोय. इथे रविवारी शांतता पाळायची, ड्रिल लावायचं नाव नको, आणि दुकानंही बंद. खालच्या मजल्यावरच्या आजींनी आधीच एकदा चिठ्ठी डकवलेली. खुर्ची नेमकी शनिवारी रात्री बोलायला लागली. मग घरात होतं ते सायकलच्या साखळीचं तेल दांड्याच्या बेअरिंगला सोडलं. चाललं. वास आला थोडा, पण आजी खूश.

चाकांबद्दल: फरशीवर कडक नायलॉनची चाकं खडखडतात, लाकडी जमिनीवर तर चरेही पडतात. मऊ पीयूची, म्हणजे रबरासारख्या पॉलियुरेथेनची, चाकं मिळतात ती बसवा. दांडी बहुतेक खुर्च्यांना ११ एमएमची असते, काहींना १० ची, म्हणून मोजून घ्या.

मधली_सुट्टी
ऱ्हाईनकाठदादा, तिकडे गव्हाचं पीठ कसलं घेता? भाची चाललीय सप्टेंबरात, पोळ्या होत नाहीत म्हणून आत्तापासून रडते.

ऱ्हाईनकाठ
भारतीय किंवा तुर्की दुकानातलं आटा लिहिलेलं घ्यायला सांगा, जर्मन मैद्याच्या नादी लागू नको म्हणावं. बाकी निरोपातून कळवतो.

कोकमसार
रत्नागिरीत खुर्ची घेतली की पहिला पावसाळा ती टिकते का तेच बघायचं. सीटखालचं प्लायवुड फुगलं आणि त्यात बसवलेला दातेरी नट जागा सोडून बोल्टबरोबर फिरायला लागला. आवळा तेवढं फिरतंय, घट्ट काहीच होत नाही. हे बाहेरून कळतच नाही, वाटतं अजून थोडं आवळू. सुताराने कापडाच्या पिना काढल्या, फोम उचलला, नटाला अरल्डाइट लावून परत ठोकला. आट्यांत जाऊ दिलं नाही तेवढं सांभाळलं. रात्रभर सुकवून बोल्ट लावले. काम सोपं. सुतार मिळणं अवघड, गणपतीच्या तोंडावर सगळे मखरात अडकलेले. तोपर्यंत मी डायनिंगच्या खुर्चीवर.

गियरबॉक्स
कोकमसार, उत्तम काम केलंय त्याने. लाकडी स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर आपली आगकाडी आणि फेव्हिकॉल आहेच, पण बोल्टला ती युक्ती नको.

हिशेबनीस
माझी कुरकुरत नाही, बसलं की हळूहळू खाली जाते. क्लायंटला वाटतं मी कॉलवरून अस्तंगत होतोय. त्याला काय?

गियरबॉक्स
गॅसचा दांडा गेला. आत दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, सील गळलं की दाब उतरतो. तो दुरुस्त होत नाही, बदलायचा. भोक पाडणं, तापवणं, उघडून बघणं अजिबात करायचं नाही. दांडा वर आणि खाली निमुळता असतो, नुसता रुतून बसलेला, स्क्रू नसतो. पाइप पान्याने पिळून किंवा बाजूने रबरी हातोडीचे ठोके देऊन सुटतो. नवीन घेताना उंची आणि जाडी जुन्यावरून मापून न्या.

हिशेबनीस
मुंबईत कुठे मिळेल?

उंटावरचा
हत्यारं नागदेवी स्ट्रीटला. दांडा ऑनलाइनच घ्या. आणि खर्चच करायचा नसेल तर माझा जुगाड: आपल्याला हवी ती उंची ठेवायची, तेवढ्या लांबीचा पीव्हीसी पाइप कापायचा, उभा चिरायचा आणि चकाकत्या दांड्यावर चढवायचा. खुर्ची खाली जाणारच नाही. वर-खाली करणं मात्र विसरा. दिसतं भयंकर, पण कॅमेऱ्यात कमरेखालचं कोण बघतंय?

हिशेबनीस
हे आवडलं. घरात नळाचा तुकडा आहेच.

घरकोंबडी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आत्ता लेकाला बसवून खाली बोटं लावून बघितलं. थरथर उजव्या हाताच्या बोल्टला होती, मी इतके दिवस स्प्रिंगवर संशय घेत होते. तो चांगला अर्धा फेरा ढिला. आवळल्यावर कुर्र गेलं. रेलतानाचं चुंईई आहे अजून, ग्रीस संध्याकाळी आणते. लेक म्हणतो, आई, तू मेकॅनिक झालीस, आता माझी सायकल.

गियरबॉक्स
शाबास. ग्रीस थोडंच, वाटाण्याएवढं.

लिंबूटिंबू
काका, खुर्चीचं नाही पण विचारते. आमच्या झोपाळ्याच्या कड्या करकरतात. पितळी साखळ्या, आजेसासऱ्यांच्या वेळच्या. सिलिकॉन नको हं, मांजराचं सांगितलंच.

गियरबॉक्स
तेलाच्या आधी वरचा आकडा बघा. जिथे कडी घासते तिथे लोखंड झिजून बारीक झालंय का? झालं असेल तर तेल-बिल काही नको, आकडा बदलल्याशिवाय कोणाला बसू देऊ नका. ठीक असेल तर पुसून थोडं ग्रीस.

लिंबूटिंबू
बापरे, हे कधी बघितलंच नाही. मुलाला स्टूल आणायला पाठवलंय. तेही डुगडुगतं.

तिरफळ
स्क्रू आवळ.